विमानाला दोन दिवस लागतात

४ मार्च

चि. लंबूस बाबांचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक. सायकलचं दुकान चालू आहे, माझे गुडघे तेवढे संपावर गेलेत. आईला फोनवरचं काही ऐकू येत नाही, म्हणून हा पत्रांचा खटाटोप.

तू लिहिलंस, 'पाच तासांचा तर प्रवास.' नशीब, पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं. आईला मी सांगून ठेवलंय की विमानाला दोन दिवस लागतात, मध्ये दोनदा उतरायचं, एक रात्र बाकावर काढायची. चार वर्षं तू फिरकला नाहीस. पहिल्या वर्षी तिने जेवण टाकलं, मग मी काय करणार? आता ती तुझ्यावर नाही, विमानावर चिडते. शेजारणीलाही ठसक्यात सांगते की इतक्या लांबून येणं म्हणजे खायचं काम नाही.

तर हे सांभाळून घे. आणि जमलं तर ये रे. बायकोशी खोटं बोलायचा कंटाळा आला.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
बाबा

२० मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग लाज वाटली. एक्स-रे विभागात माणसं कमी आहेत, सुट्टीचं नाव काढलं की साहेब तोंड फिरवतात. पण खरं कारण ते नाही. पाच तास म्हणजे हाकेच्या अंतरावर, कधीही जाता येईल, असं म्हणत राहिलो. खरंच लांब असतो तर एव्हाना येऊन गेलो असतो.

वर्षअखेरीला नक्की येतो. तोवर तुमचं विमान दोन दिवसांचंच राहू दे. आईला मीही तसंच लिहितो.

गुडघ्यांना जपा, आणि लेकावर राग धरू नका.
आपला,
लंबू

११ जून

चि. लंबूस आईचे आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलास, बरं वाटलं. माझे दोन घास पोटात जातात. दुकानातल्या सायकली गिऱ्हाइकं घेऊन गेली, एक लाल तेवढी राहिली आहे.

त्या दिवशी सकाळी हे गेले आणि शेजारणीने तुला फोन केला. मिळेल त्या विमानाने निघतो, एवढंच तू म्हणालास. लोक थांबायला तयार होते. मीच म्हटलं, त्याला दोन दिवस लागतील, यांना ताटकळत ठेवू नका, उरकून घ्या. संध्याकाळी सगळे परतले आणि मागोमाग तू दारात उभा. तू विचारलंस, "माझ्यासाठी थांबला का नाहीत?" मग रडत रडत यांची लबाडी सांगितलीस.

लेकरा, बापाचं तोंड तुला मी दिसू दिलं नाही. हे मनातून जात नाही. यांच्यावर चिडावं तर माणूस उरला नाही. तुझ्यावर चिडावं तर तू एकटाच उरलास.

पूर्वी मी वाट बघत नव्हते. एवढ्या लांबून कोण येतंय, म्हणून दिवेलागणीला कडी लावून मोकळी व्हायचे. आता पाच तास कळले आणि कडी लावायला हात होत नाही.

जमेल तेव्हा ये. लोभ असू दे.
आई