पान एक्केचाळीसवरचं कपाट

शिरूर, ४ जानेवारी २०२५

चि. सुफियास,
दुवा आणि अ. उ. आ.

पुस्तकांच्या बावीस मांडण्या, श्रोत्यांची आठ बाकं, पाहुण्या लेखकाची हातांची खुर्ची, दारावरची पाटी. दुकानातलं एवढं सामान माझ्या हातचं, कुणाकडे शिकायला न जाता केलेलं. खुर्चीमागचं ते लहान कपाटही. मुद्दाम लिहितो, कारण तुझ्या पुस्तकात पान एक्केचाळीसवर ते अब्बांनी केलंय.

पुस्तक दोनदा वाचलं. छान आहे; तुझी भाभी तर रडली. पण कपाट मी केलं, पंधराव्या वर्षी. अब्बा सुतार खरे, पण तेव्हा हात इतके थरथरायचे की चहाची बशी धरवत नव्हती. ते बाजेवरून बघत असायचे. तू लिहितेस, त्यांचा हात थरथरला म्हणून दाराला बोटभर फट राहिली. अगं, अब्बांच्या हातून फट राहिलीच नसती! ती माझी फट आहे.

एकोणीस तारखेला, रविवारी, दुकानात तुझं बोलणं ठेवलंय. तळेगावचे सोपानराव मळ्यातली शेवंती आणणार आहेत. फोन करू नकोस. फोनवर भांडण नीट होत नाही.

लोभात मात्र फट नको.
तुझा भाई,
इलाही


दौंड, ९ जानेवारी २०२५

ती. भाईंना सुफियाचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून शाळेत लक्ष नाही. काल फळ्यावर गुणाकार चुकला, तोही पोरांनीच दाखवला.

मी सात वर्षांची होते. अब्बांनी तुझ्यासाठी केलंय, असं अम्मीनं सांगितलं, तेच लिहिलं. कडीपर्यंत हात पुरत नव्हता, त्या फटीत बोट घालूनच मी दार उघडायचे. अब्बांचं माझ्याकडे दुसरं काही नाही, आवाजसुद्धा आठवत नाही. आणि तुम्ही इतकी वर्षं गप्प!

तुमची रीत मला ठाऊक आहे. लेखकाचं बोलून झालं की तुम्ही पुस्तक उघडून उभे राहता आणि चुका सांगता. मागच्या खेपेला त्या कादंबरीवाल्यांना भर सभेत विचारलंत, उन्हाळी कांदा वैशाखात कोण लावतं म्हणून. लोक चहासाठी नाही, भाईंसाठी थांबतात, असं आमचे हे म्हणतात. माझ्याही वेळी उभे राहणार असाल तर आधी कळवा, मी येणार नाही. चार लोकांत अब्बा माझ्याकडून काढून घेऊ नका.

मी रागावले असले तरी माया पातळ करू नका.
तुमची,
सुफिया


शिरूर, १३ जानेवारी २०२५

चि. सुफियास, दुवा.

यायचंच. गप्प का राहिलो, तर अम्मीनं बजावलं होतं. तिचं म्हणणं, पोरीला भाऊ रोज दिसेल, बाप दिसणार नाही. कपाट बापाचंच राहू दे. मी मान डोलावली. पण हे कधी छापून येईल असं तिला तरी कुठं माहीत होतं? आता छापलेली चूक माझ्याच मांडणीवर बसलीय, आणि मी रोज तिच्यावरची धूळ झटकतोय.

उभा राहीन की नाही, आज सांगवत नाही. खोटा शब्द देणं मला जमत नाही. पान एक्केचाळीस मात्र तूच वाच, मोठ्यानं. तुझ्या आरिफना म्हणावं, मोटारसायकल नको, एसटीनं या.

भांडण चालू, लोभही चालू.
भाई


शिरूर, २२ जानेवारी २०२५

चि. सुफियास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचल्याचं कळलं. वाचता वाचता तू उठून त्या फटीत बोट घालून दाखवलंस. ते दार सरळ करायला मी दहा वेळा रंधा काढला असेल. आता काढणार नाही.

मी पुस्तक घेऊन उभा राहिलो तेव्हा तू ओढणी तोंडाशी धरलीस, तेही दिसलं. पण लाकूड तू सागवान लिहिलंस, ते बाभळीचं आहे. एवढं तरी सांगायलाच हवं होतं. एकाच चुकीवर मी खाली बसलो हे सोपानरावांना पटेना; तब्येत बरी हाय ना, म्हणून बाजूला घेऊन विचारत होते.

पुढच्या आवृत्तीत बाभूळ कर. बाकी पान तसंच राहू दे.

आहे तो लोभ जपून वापर.
तुझा भाई,
इलाही

ता. क. सोमवारी रांजणगावच्या एका कंपनीतले साहेब परत आले होते. रविवारी मागच्या बाकावर बसलेले. वडील नुकतेच गेलेत त्यांचे. फटीत बोट घालून बराच वेळ उभे राहिले, मग विचारलं, हे खरंच तुमच्या वडिलांच्या हातचं का. मी हो म्हणालो. त्यांनी कपाट विकत मागितलं. माझ्या हातच्या वस्तूला एवढा भाव आजवर कुणी केला नव्हता. अब्बांचं आहे, विकायचं नाही, असं सांगितलं. पस्तीस हजार देत होते.