चार इंचांचं मत्स्यालय

२ मार्च, रविवार
संकल्प : बैठकीच्या भिंतीवर, फोटोफ्रेमसारखं चपटं मत्स्यालय. लांबी तीन फूट, जाडी फक्त चार इंच. व्हिडिओत अकरा मिनिटांत होतं. अख्ख्या नेकनुरात कुणाकडे नाही.
सुकन्या म्हणाली, पप्पा, आधी तो सोलर कुकर पूर्ण करा. पोरगी अठरा वर्षांची झाली, पण बापाची पारख नाही.

४ मार्च, मंगळवार
शाळेला अर्धी रजा. बीडहून काच कापून आणली. एसटीत मांडीवर धरून बसलो. एक कोपरा उडाला. तो मागच्या बाजूला घेऊ.
सिलिकॉन लावलं. ट्यूबवर लिहिलंय, दोन दिवस वाळू द्या. ते थंड देशातल्या लोकांसाठी. आपल्याकडे मार्चचं ऊन आहे, दोन तास पुष्कळ झाले.

संध्याकाळी ६
गळतंय. नळाला पाणी दहाव्या दिवशी येतं, आणि मी ड्रममधल्या दोन बादल्या घालवल्या. वनमालाने खाली परात ठेवली. मग एवढंच म्हणाली की ड्रमला पुन्हा हात लावायचा नाही. बायकोचा सायन्सवर विश्वास नाही.

८ मार्च, शनिवार, दुपारी २
पुन्हा सिलिकॉन लावून टाकी भिंतीवर बसवली. थोडं प्लास्टर पडलं. आता मासे हवेत. दुकानातले रंगीत मासे प्रवासात दगावतात, असं ऐकून आहे.
शेजारच्या कडूबाईच्या हौदात गप्पी मासे आहेत. डासांच्या अळ्या खायला आरोग्य खात्याच्या माणसाने सोडलेले. कडूबाई शेळ्या घेऊन माळावर गेली होती. विचारलं असतं तर नाही म्हणाली नसती, म्हणून विचारलं नाही. पातेल्याने होते तेवढे बावीस मासे धरून बादलीत टाकले. पाणीही हौदातलंच घेतलं. ड्रमचा प्रश्न सुटला.

९ मार्च, रविवार
मासे भिंतीवर. देखणं काम. मासे बारीक आणि करडे असल्यामुळे लांबून दिसत नाहीत. दोन वर तरंगतायत, बहुधा विश्रांती घेत असावेत.
ही विचारते, लग्नातलं पातेलं कुठाय? तेव्हा आठवलं. हौदाच्या कठड्यावर. जाऊन पाहिलं तर तिथे नाही.

१० मार्च, सोमवार
लिहायची लाज वाटते, पण लिहितो. कडूबाई पातेलं घेऊन शाळेत आली. म्हणाली, गुरुजी, कुनीतरी माजे मासे नेले अन् हे इसरून गेलं. नाव हाय त्याच्यावर, तेवडं वाचून सांगा. मागल्या साली नातवाला डेंग्यू झालता, तवापून त्या माशायला लई जपते म्या.
काठावर मामांनी मशिनने नाव घालून दिलं होतं : उत्तरेश्वर–वनमाला. वीस वर्षं घासूनही पुसट झालेलं नाही.
मी चष्मा काढला, पुसला, लावला. म्हणालो, सोमनाथ.
तोंडात आलं ते बोललो. सोमनाथ म्हणजे चौकातला हॉटेलवाला. कडूबाईकडूनच दूध घेतो. ती म्हणाली, बरं. आणि पातेलं पदराखाली घेऊन गेली.
ती आमच्या प्रौढ साक्षरता वर्गात आहे, पण ते कागदोपत्री. वर्ग सुकन्या घेते, रजिस्टर मी भरतो. म्हातारीला सहीपुरतं येत असेल.

११ मार्च, मंगळवार
सोमनाथच्या हॉटेलवर गेलो. भांडण नाही, काही नाही. त्याने चहा पाजला. दूध कडूबाईचंच. म्हणजे ती विसरली. मनाने मोठी आहे.
उद्या मासे हौदात सोडणार. नक्की.

१२ मार्च, बुधवार
पहाटे टाकी प्लास्टरसकट खाली आली. सुकन्याने अकरा मासे वाचवले. विचारलं, पप्पा, कुठून आणले होते? बीडहून, म्हणालो. मी रजिस्टर उघडून बसलो.
संध्याकाळी बादली घेऊन निघालो. कडूबाई कठड्यावर बसलेली. तसाच परत आलो.

१५ मार्च, शनिवार
केंद्रप्रमुख साक्षरता वर्ग बघायला आले. म्हणाले, कुणीतरी काही वाचून दाखवा. कडूबाई उठली. पुस्तक घेतलं नाही. पिशवीतून पातेलं काढलं आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. उ. त्त. रे. श्व. र. मग वनमाला.
जोडाक्षरंसुद्धा येतात म्हणून साहेब खूश. मला उभं केलं. म्हणाले, बाईंनी गुरुजींचं नाव भांड्यावर घालून घेतलं, यापेक्षा मोठी गुरुदक्षिणा कुठली? टाळ्या झाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी हात जोडले. सुकन्या टाळ्या वाजवत नव्हती.

संध्याकाळी ६
वर्ग सुटल्यावर कडूबाई पातेलं माझ्या टेबलावर ठेवून गेली होती. त्याच पातेल्यातून अकरा मासे नेले. सगळं सांगितलं. सोमनाथचंही.
कडूबाई म्हणाली, मला त्याच दिवशी वाचता आलतं, गुरुजी. तुमच्या तोंडून ऐकावं म्हनून आलते.
मासे सोडताना तिने एकेक मोजला. म्हणाली, बावीस व्हते. हे अकरा. अकरा कमी हायेत.
रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे, अंकज्ञान समाधानकारक, असा शेरा आहे. मागच्या महिन्यात मीच मारला होता, न बघता.