बंदर नव्हे, वांदर

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, करंजघाट, जि. भंडारा

विषय : मौजा पिंपळडोह येथील बेटावर बंदर नसल्याबाबत व पाटीचा मजकूर बदलून मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

अर्जदार सेवकराम डोमाजी झंझाड, वय ६३, याच्या घरची वैनगंगेच्या पात्रातील बेटावर दीड एकर जमीन आहे. ती पत्नी शकुनबाई हिला तिच्या वडिलांनी दिलेली असून लग्न झाल्यापासून ती बाई तेथे वांगी, भेदरे (टमाटे) व तूर लावते. दुसरी जमीन नाही.

१. सन १९८१ च्या उन्हाळ्यात उथळ पाण्यातून माकडांचा कळप बेटावर आला व पीक खाऊ लागला. बंदोबस्तासाठी अर्जदाराने सरकारात अर्ज केला. अर्जदार जुन्या मध्यप्रांतात चौथी हिंदी शिकलेला. 'वांदर' हा घरगुती शब्द, साहेबांपुढे शुद्ध शब्द हवा, म्हणून त्याने 'बेटावरील बंदरांचा बंदोबस्त' असे लिहिले. शकुनबाई तेव्हाच म्हणाली होती, "वांदरच लिवा जी, सायबाले समजते." अर्जदाराने ऐकले नाही. ही चूक त्याची आहे व ती त्याला कबूल आहे.

२. तो अर्ज फिरत फिरत मुंबईस एका बंदर कार्यालयात पोचला. तेथून छापील तक्ता आला. 'बंदरांची संख्या' या रकान्यात अर्जदाराने मोजून 'मोठी एकोणीस, लहान सात' असे भरले. 'भरतीच्या वेळची स्थिती' येथे 'झाडावर' असे लिहिले. 'शेजाऱ्यांशी सहकार्य' येथे 'नाही. ते इकडे हाकलतात, आम्ही तिकडे हाकलतो' असे लिहिले. यात एक अक्षर खोटे नाही. त्यावर बेटांवरील बंदरे व सागरी प्राधिकरणे यांच्या प्रादेशिक सहकार्य परिषदेचे निमंत्रण आले. अर्जदार जवळच्या शहापूरच्या पलीकडे सहसा जात नाही, तो गेला नाही. मग गैरहजेरीचा खुलासा मागवला, तोही दिला. परिषदेने सहकार्य नसल्याबद्दल चिंता व्यक्त करून बेटाचा विकास करावा असे ठरवल्याचे नंतर कळले.

३. दरम्यान पुढच्या उन्हाळ्यात अर्जदार डोंग्याने पलीकडच्या गावचे दादाजी पाटील यांच्याकडे गेला. चहा झाला. आठ दिवस दोन्ही काठांनी माकडे हाकलायला पिपे बडवायची नाहीत, एवढेच ठरले. सहाव्या दिवशी सगळी माकडे आपणहून पाण्यातून निघून जंगलात गेली. त्याला दोन वर्षे झाली. हे अर्जदाराने चार वेळा लेखी कळवले आहे. लिहून लिहून तो आता फार थकला आहे.

४. गेल्या महिन्यात दोन माणसे येऊन बेटावर लोखंडी पाटी रोवून गेली. 'बंदराची राखीव जागा. लागवड करण्यास सक्त मनाई.' तलाठी म्हणतात, सातबाऱ्यावरही तसेच चढले आहे. नांगर घातला तर जप्त होईल.

५. शकुनबाईला वाचता येत नाही. तिने विचारले, "पाटीवर काय लिवलं हाये जी?" अर्जदाराच्या तोंडून निघून गेले की, वांदरांना येण्यास मनाई आहे. ती बाई फार खूश झाली. वाऱ्याने पडू नये म्हणून तिने स्वतः दगड वाहून पाटीच्या बुडाशी रचले. सरकारने आपले ऐकले, असे ती घाटावर सगळ्यांना सांगते. तिला खरे सांगायला अर्जदार तीनदा बसला व तीनदा उठला.

येत्या सोमवारी ती नांगर डोंग्यात घालून बेटावर जाणार आहे. तिला अडवणे अर्जदाराला जमणार नाही. पाटी काढण्यास वरची मंजुरी लागत असल्यास काढू नये. फक्त सोमवारच्या आत रंग देऊन पाटीवर वांदरांना मनाई आहे एवढेच लिहावे. चाळीस वर्षांच्या संसारात अर्जदार बायकोशी एकदाच खोटे बोलला आहे. तेवढे महोदयांनी खरे करून द्यावे.

आपला नम्र व थकलेला,
सेवकराम डोमाजी झंझाड
मु. पिंपळडोह
दि. २२ मे १९८४

सोबत : मागील चार अर्जांच्या नकला.