डावं दार

४ मार्च, मंगळवार

शटर अर्धं वर केलं तोच जावई दारात. गाडी घेऊन. न कळवता!

म्हणाले, "बाबा, घरचं गॅरेज असताना बाहेर कशाला जायचं?" बरं वाटलं. लग्नाला दीड वर्ष झालं, पहिल्यांदाच माझ्याकडे काम आणलं त्यांनी. चहा नको म्हणाले. खुर्ची रुमालाने पुसली आणि मग बसले.

तक्रार अशी — ड्रायव्हरच्या दारावरचं लॉकचं बटण दाबलं की तीन दारं लागतात, पुढचं डावं लागत नाही. बाकी दारांना बटणं नाहीतच, सगळा कारभार त्या एका स्विचवर. "स्विच गेलाय, बदलून टाका." मी म्हटलं, तपासल्याशिवाय काही बदलत नाही मी. बत्तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. न बघता पार्ट बदलायचे तर मी कशाला हवा? हसले, पण घड्याळाकडे बघत.

"शुक्रवारी संध्याकाळी पक्की हवी बरं का. शनिवारी आम्हाला बाहेर जायचंय."

आमची ठकी कशी आहे विचारलं. "मजेत." एवढंच. आणि निघाले बस थांब्याकडे.

कंबर आज ठीक.

५ मार्च, बुधवार

स्विच चांगला आहे!

फ्यूज पाहिला — शाबूत. बटण दाबलं की डॅशबोर्डखाली रिले टिकटिकतोय, म्हणजे हुकूम पोचतोय. मग स्विच उपसून बाहेर काढला. मीटर लावला. लॉक दाबलं की एका पिनवर बारा व्होल्ट, अनलॉक दाबलं की दुसऱ्यावर. दहा वेळा दाबलं, दहाही वेळा आले. आतल्या पितळी पत्त्यांना थोडा गंज होता, तो पुसला. म्हणजे स्विच बिचारा आपलं काम चोख करतोय, बोलणी मात्र त्यालाच.

मग डाव्या दाराची मोटर तरी गेली असेल. दाराचं आतलं कव्हर काढलं, मोटरला बॅटरीवरून थेट करंट दिला — खटकन लॉक! उलटा दिला — खटकन उघडलं. मोटरही धडधाकट. राहिली मधली वायर. ती उद्या. वाकून वाकून कंबरेने असहकार पुकारला.

कव्हर काढताना एक दिसलं. काचेच्या कडेला लॉकची, हाताने वर-खाली करायची जी खुंटी वर यायला हवी, ती या दाराला नाहीच. आतली दांडी कव्हरच्याही खाली संपलेली. तुटली असती तर टोक वेडंवाकडं असतं. हे करवतीने कापल्यासारखं सपाट.

दुपारी ठकीला फोन केला. दुसऱ्या खेपेला उचलला. म्हटलं, तुझ्या बाजूचं दार कधीपासून लागत नाही गं?

"गाडी तुमच्याकडे आहे?"

तिला माहीतच नव्हतं. जावयांनी सर्व्हिसिंगला दिल्याचं सांगितलं होतं म्हणे.  

"बाबा, नका ना करू ते. तुमची कंबर. सांगा त्यांना, पार्ट मिळत नाही म्हणून."

हसलो. अगं, पार्ट लागतच नाहीये, म्हटलं. आणि तेवढ्यात तिला दाराची बेल वाजली बहुतेक. "ठेवते," म्हणाली.

लहानपणी गॅरेजवर माझ्या हाताखाली वायरी जोडत बडबडायची; लग्नाआधीही एकदा फोनवर सापडली की ही पोर तासभर सोडायची नाही. नोकरी सोडल्यापासून उलट झालंय. वेळ आहे तर बोलत नाही.

६ मार्च, गुरुवार

सापडलं. आणि आवडलं नाही.

दार आणि गाडीचा खांब यांच्या मधे, बिजागरीजवळ, वायरींची जुडी एका रबरी नळीतून जाते. दार हजारदा उघडतं-मिटतं, म्हणून वायर तुटते ती तिथेच. मला वाटलं तसंच असणार. नळी मागे सरकवली. हिरवी वायर तुटलेली. तुटलेली नव्हे — कापलेली! सरळ, पकडीच्या एकाच दाबात. शिवाय दोन्ही टोकांवर वेगवेगळी चिकटपट्टी, घट्ट, व्यवस्थित, शॉर्ट होऊ नये म्हणून. आणि नळी परत जागेवर बसवलेली. वरून बघणाऱ्याला शंका येऊ नये.

बाकी सात वायरी तशाच. नेमकी लॉकची निवडली. ज्याने केलं त्याला कळत होतं.

डबा खाताना हिला सांगितलं. (ही डबा घेऊन गॅरेजवर येते, कंबरेमुळे मी दुपारी घरी जात नाही.) ही म्हणाली, "दार लागलं नाही तर फायदा कुणाचा?"

चोराचा, म्हटलं. दुसरा कुणाचा? एक दार कायम उघडं राहील अशी सोय करून ठेवायची आणि सवडीने हात मारायचा. जावई एका मोठ्या गोदामाचे मॅनेजर, किल्ल्या त्यांच्याकडे, कागद त्यांच्याकडे. कुणाचा तरी डोळा असणार. गोदामातलाच कुणी.

ही डब्याची झाकणं लावत राहिली.

मला दिवसभर चुकचुकल्यासारखं होतंय. शेजारचा टायरवाला म्हणतो, "काका, तुम्ही वायरीपेक्षा माणसांचे शॉर्ट सर्किट जास्त शोधता." म्हणेना.

७ मार्च, शुक्रवार

वायर जोडली. सोल्डरिंगचा डाग देऊन, वर नळी चढवून पक्की केली. आता दार उपटून निघेल पण जोड निघायचा नाही.

जावई साडेपाचला आले. मी त्यांना बाजूला घेतलं. टायरवाल्याने ऐकू नये म्हणून हळू बोललो. म्हटलं, स्विचचा दोष नव्हता. वायर मुद्दाम कापलेली होती. जाणकार हात आहे. सांभाळून राहा, तुमच्यावर कुणाची तरी नजर आहे.

मला वाटलं घाबरतील. चिडतील. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "जाणकार हात. असं होय."

"कापलेला तुकडा आहे?"

जोडताना दोन्ही टोकं छाटली होती, ती दिली. चिकटपट्टीसकट. त्यांनी उजेडात धरून पाहिली. रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. तक्रार करायला लागेल म्हणून असेल.

खुंटीचं विचारलं. नवी बसवून देतो म्हटलं, पाच मिनिटांचं काम. "नको, नको! उद्या लहान मूल झालं तर आतून उघडेल. तशीच बरी." मी खुळ्यासारखा खूश झालो. ठकीकडे काही आहे की काय! विचारायला जीभ रेटली नाही.

मग ते गाडीत बसले आणि बटण दाबलं. चारही दारं एकदम — धप्. उघडली. पुन्हा धप्. चार-पाच वेळा तेच. लहान मुलाला खेळणं मिळाल्यासारखं.

"कमाल आहे बाबा तुमची," काच खाली करून म्हणाले. "एकदम कडक काम."

८ मार्च, शनिवार

हिला मुलाबाळाचं सांगितलं. हिचा चेहरा फुलला नाही. "ठकी बोलली असती मला," म्हणाली.

९ मार्च, रविवार

सकाळी ठकीचा फोन बंद. दुपारी बंद. संध्याकाळी जावयांना लावला. उचलला.

"आम्ही बाहेर आलोय बाबा, चार दिवस. इथे रेंजची बोंब आहे."

ठकीला द्या म्हटलं.

"झोपलीय."

सहा वाजता? तर म्हणाले, प्रवासाने दमलीय. मागे गाडीचा आवाज होता, इंडिकेटरची टिकटिक. म्हणजे गाडीतूनच बोलत होते. मग झोपलीय कुठे, गाडीत? मी विचारणार तोच फोन ठेवला.

हिला म्हटलं, लागला फोन, मजेत आहेत. का असं म्हटलं मी?

१० मार्च, सोमवार



सकाळी शाळेतल्या एका बाईंची गाडी आली, वायपरसाठी. जावयांच्याच मॉडेलची. काम झालं. बाई यायला अवकाश होता. मी सहज डाव्या सीटवर जाऊन बसलो. सहज नव्हे. रात्रभर डोक्यात ती कापलेली खुंटी होती.

टायरवाल्याला हाक मारली. ड्रायव्हरच्या सीटवर बस आणि बटण दाब, म्हटलं. "काका, तुम्हाला आत कोंडलं तर काकूंकडून काय मिळेल मला?" — असं म्हणत दाबलं त्याने. धप्.

मी आतलं हँडल ओढलं. सैल! नुसतं हलतं, दार उघडत नाही. दोनदा, तीनदा. मग खुंटी वर ओढली, हँडल ओढलं, उघडलं. पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी खुंटी नाहीच असं समजायचं ठरवलं. हात मांडीवर. पुन्हा हँडल. सैल. टायरवाल्याचं बोट बटणावर. तो म्हणाला, "आता मी मनावर घेईन तेव्हाच उतरायचं तुम्ही." हसत होता तो. चांगला माणूस आहे.

 "उघड!" म्हणून ओरडलो. तो बिचारा घाबरून गेला.

चोराची सोय म्हणत होतो मी. बत्तीस वर्षं धंद्यात, आणि बाहेरूनच बघत राहिलो! लॉक न लागणारं दार बाहेरच्याच्या कामाचं असतं तेवढंच आत बसलेल्याच्या कामाचं असतं. खुंटी कुणी कापली? त्या सीटवर कोण बसतं?

आणि मी ते दार पक्कं करून दिलं. वर नळी चढवून.

शटर ओढलं, हिला घेऊन त्यांच्या घरी गेलो. दीड तासाचा रस्ता. घराला कुलूप. खालच्या मजल्यावरच्या आजी दारातच भाज्या निवडत बसल्या होत्या. शनिवारी सकाळी गेली म्हणाल्या दोघं. सामान? सामान नव्हतं हातात. "मुलगी चांगली आहे हो तुमची," असं दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा हिने त्यांचा हात धरला, तेव्हा म्हणाल्या, "गाडीत बसायला नको म्हणत होती. इथेच, पायरीवर. त्याने दंडाला धरून नेली."



११ मार्च, मंगळवार

पोलीस चौकी. तासभर बसवलं. मग हवालदार म्हणाला, नवरा-बायको फिरायला गेलेत, यात तक्रार कसली?

मी त्याला दाराची रचना समजावली. स्विच, मोटर, खुंटी. कागदावर चित्र काढून दाखवलं. तो चित्र उलटंसुलटं करून बघत होता. "काका, खुंटी तुटली म्हणून माणसाला आत टाकायचं?" पलीकडचा हसला.

तिथे एक साहेबबाई होत्या, फाईलमधे मान घालून. त्यांनी विचारलं, "वायर कापली होती म्हणता. मग जोडली कुणी?"

मी, म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. गाडीचा नंबर लिहून घेतला. जावयांचा फोन नंबर घेतला, मोबाईल कुठे आहे बघते म्हणाल्या. "काही कळलं तर मला आधी सांगायचं, जावयाला नाही. कळलं?"

कळलं. उशिरा, पण कळलं.

ही जेवली नाही. मीही नाही. जावयांना फोन लावू नको म्हणून हिने माझा मोबाईल स्वतःकडे घेतलाय. बरोबर केलं. मी त्या माणसाला आजवर त्याने विचारलं ते सगळं सांगत आलोय.

१२ मार्च, बुधवार

ठकी आली.

सकाळी साडेसातला, मागच्या दाराने. एका दुधाच्या टेम्पोवाल्याने गल्लीच्या तोंडाशी आणून सोडली. पायात एकच चप्पल. उजव्या हाताला कुणाचा तरी शर्ट गुंडाळलेला, रक्ताने भिजलेला. पेट्रोल पंपावर नवरा उतरला, गाडी बाहेरून डबल लॉक केली — मग आतलं बटणही चालत नाही, खुंट्याही नाहीत. ठकीने सीटचा डोक्याचा टेकू उपसला आणि त्याच्या लोखंडी दांड्यांनी काच फोडली.

नऊला त्याचा फोन आला. "बाबा, ती आली का तिकडे?" अगदी नेहमीचा, गोड आवाज.

"नाही," म्हटलं. साहेबबाईंना लगेच कळवलं. निघाल्यात.

ही तिच्या हातातल्या काचा चिमट्याने काढत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.  पोरीने मान वर केली. रडत नव्हती.

म्हणाली, "वायर मी कापली होती, बाबा."