नाना आपलेच

७ डिसें., रविवार
पिंप्राळ्यामागच्या मळ्यात नानांची भरीत पार्टी. नगरसेवकीला उभे आहेत. कपाशीच्या वाळल्या पळाट्यांवर वांगी भाजली. नाना आमच्या वस्तीतल्यांसोबत खाली पंगतीत बसले. माझा नवरा सागर घरी येऊन नाचतच होता. "बघितलं? जातपात मानत नाही माणूस. आतून आपलाच!"
मी म्हटलं, भाषणात तर तसलं काही नाही बोलले.
"आता बोलले तर मतं जातील. निवडून येऊ दे."
त्याचे चळवळीतले मित्र पण तेच. एक म्हणे, दारू बंद करतील. दुसरा म्हणे, वाचनालय काढतील. नाना दोघांना म्हटले, "बघू ना."

९ डिसें.
शेजारणीच्या मोबाइलवर नानांचा व्हिडिओ. काल दुसऱ्या मळ्यात दुसरं भरीत. माइक हातात घेऊन कोण? माझा दादा! फैजपूरहून प्रचाराला आलाय. "नाना आपल्या समाजाचे. समाजाची इज्जत तेच राखतील." नाना शेजारी बसून हसताहेत.
जातीबाहेर लग्न केलं तेव्हा दादाच म्हटला होता, दिसलीस तर दोघांना जित्तं ठेवणार नाही.
सागरला दाखवलं. व्हिडिओ अर्ध्यातच बंद केला. मग म्हणे, "उमेदवाराला सगळीकडे जावं लागतं गं."

११ डिसें.
सागरने नानांना सगळं सांगितलं. सगळं!
"पत्ता पण दिलास?"
"त्यांनीच विचारला. रविवारी चहाला येतो म्हटले. समेट करून देतो."
"दादाबद्दल काय म्हटले?"
"म्हटले, दोघं पण माझीच माणसं."
याला त्यातच आनंद. मित्र तर फोटो काढायला येणारेत, नाना आपल्यासारख्यांच्या घरी म्हणून. दोघं पण त्यांची, तर मी कोणाची?

१४ डिसें., रविवार
सागर दूध आणायला गेला तशी लेकीला उचललं, एसटी धरली. धुळ्याला सासूबाईंकडे आले. त्या म्हटल्या, "बठ पोरी, पह्यले जेव."
वाटेत सागरचे फोन उचलले नव्हते, जेवताना उचलला. "कुठेस तू? नाना दारात आहेत. शोभतं का हे?"
"सोबत कोण?"
"कार्यकर्ते. अजून दोघं गाडीत बसलेत. उतरत नाहीत."
"काच खाली करायला सांग. तोंड बघ त्यांचं."
"नानांना असं कसं सांगू?"
फोन कट झाला. कधीची लावतेय. रिंग जाते, उचलत नाही.