सुलभाच्या हॉटेलातली स्वस्त खोली

८ नोव्हें. १९८१
दिवाळीची सुट्टी संपत आली, सहामाहीचे पेपर तसेच पडलेत. सकाळी बाबूराव आला. शाळेत ड्रॉइंग शिकवतो, पण बोलताना एक रेघ सरळ मारेल तर शपथ. तासभर इकडचं तिकडचं. चहा दोनदा. जाताना खिशातनं एक छापील कागद काढून पेपरांच्या गठ्ठ्याखाली सारला. "माझा एक विद्यार्थी गिर्यारोहणाच्या कोर्सला गेलता. त्यानं आणलाय. बघ वाटलं तर, न्हायतर चुलीत घाल."
हॉटेलचं पत्रक. मनालीच्या वर कुठंतरी गाव. सगळीकडं बर्फ, आणि माणसं पायाला लांब पट्ट्या बांधून उतारावरनं घसरतायत. आत खोल्यांचे दर. खाली मालकांची नावं. एक पहाडी नाव, शेजारी सुलभा.
आमची मुलगी. सात वर्षांत हे नाव या वहीत आज पहिल्यांदा लिहिलं.
चुलीत घातलं नाही. सौ.ला दाखवलंही नाही.

९ नोव्हें.
पंचवीस वर्षं पोरांना हिमरेषा शिकवतोय. फळ्यावर खडू आडवा घासला की झाला हिमालय. स्वतः बर्फ बघितलाय तो रसाच्या गाड्यावर, भुश्यात गुंडाळलेला. सुलभा आठवीत माझ्याच वर्गात होती. एकदा भर वर्गात उठून म्हणाली, "सर, तुम्ही बघितलाय का पण?" घरी बाबा, वर्गात सर. मी म्हटलं, पुस्तकात आहे तेवढं पुरे. खाली बस.
कॉलेजात गेल्यावर बघायला गेली. तिथलाच, बर्फावर घसरायला शिकवणारा, नवरा केला.

११ नोव्हें.
ठरलं. जायचं. पण बाप म्हणून जायला मी तोंड ठेवलेलं नाही. गिऱ्हाईक म्हणून जायचं. खोली घ्यायची, भाडं भरायचं, तीन रात्री राहायचं, लांबनं बघायचं आणि परत यायचं. आपला मान आपल्याकडं, तिचा तिच्याकडं.
शिवाय लेकीला मूल होईस्तोवर आईबापानं तिच्या घरचं अन्न खाऊ नये म्हणतात. तिला मूल आहे की नाही हे मला ठाऊक नाही. काय बाप आहे! पण बिल भरून खाल्लं की ते हॉटेलचं अन्न. त्याला कोण काय म्हणणार?
दर बघून छाती दडपली. जानेवारी-फेब्रुवारीत घसरणाऱ्यांची गर्दी, म्हणून दर चढे. स्वस्त पाहिजे तर एप्रिलनंतर, पण तेव्हा बर्फ नाही आणि माझ्यामागं परीक्षा. सगळ्यात स्वस्त खोली स्वयंपाकघराच्या मागची. शेगडी नाही, मोरी सामाईक. तीच घ्यायची. स्वयंपाकघरातलं बोलणं तरी ऐकू येईल.

१४ नोव्हें.
इंग्रजीत पत्र केलं. चार कच्च्या प्रती. नाव आणि पत्ता बाबूरावाचा, तो म्हणाला "लिव्ह की, माझ्या बाचं काय जातंय." शिक्षकांना काही सूट आहे का, मागची खोली जानेवारीत मिळेल का. मग राहवेना म्हणून शेवटी, घरात लहान मुलं आहेत का, कारण आम्हाला सकाळी दूध लागतं. मुलांचा आणि दुधाचा काय संबंध, पण दुसरी वाट सुचली नाही.
टपालपेटीत टाकलं आणि हात आत तसाच राहिला. मागनं एक बाई म्हणाली, "पावणं, झालं असंल तर सरका की."

२८ नोव्हें.
काही नाही. रोज मधल्या सुट्टीत बाबूरावाच्या तोंडाकडं बघतो, तो मान हलवतो. आता तोही वैतागलाय.
सौ. विचारते, भूक का नाही. म्हटलं, पोट बरं नाही.

३ डिसें.
आलं!
टाईप केलेलं. सूट नाही. मागची खोली मिळेल. आगाऊ रक्कम मनीऑर्डरनं पाठवल्यास खोली राखून ठेवू. खाली मॅनेजरकरता म्हणून नुसती एक वेडीवाकडी सही. आणि त्याच्याखाली शाईनं, हातानं, इंग्रजीत दोनच शब्द, मिल्क अव्हेलेबल. दूध मिळेल. मुलांबद्दल अवाक्षर नाही.
अक्षर तिचं. इंग्रजी एलचा वेढा असा मोठा काढायची तिची खोड, त्यापायी माझ्या हातची पट्टी खाल्लीय तिनं. त्या दोन शब्दांत तीन एल. तिन्ही तसेच.
शिक्षकांच्या खोलीत बसून वाचत होतो. इतिहासाचे सर म्हणाले, "काय वो, डोळं आल्यात काय?" म्हटलं, खडू गेला.

६ डिसें.
आज सौ.ला सांगितलं. आजऱ्याचा तांदूळ निवडत बसली होती. मला वाटलेलं रडेल, आनंदानं. गाढव आहे मी.
म्हटलं, जानेवारीत हिमालयात जाऊया. तिनं मान वर केली नाही. "कुणाकडं?"
"सुलभाकडं. म्हणजे तिच्या हॉटेलात."
"कोण सुलभा?"
तिनं सूप बाजूला ठेवलं आणि सात वर्षांचं एकदम बाहेर पडलं. "तुमी पंचगंगेवर जाऊन तिच्या नावानं अंघोळ करून आलासा. मला न्हाणीत बसवलासा. पहिला तांब्या माझ्या डोस्क्यावर तुमच्या हातानं वतलासा. आता त्या मेलेल्या लेकीच्या घरात भाडं भरून राहायचं म्हणतासा? तीन रात्री? आणि चवथ्या दिवशी काय, परत अंघोळ?"
मी म्हटलं, अगं, झालं ते झालं.
"झालं न्हाय. तुमी केलासा. दर संक्रांतीला तिच्या नावचं वाण मी कुणाला देतो, कधी इचारलासा?"
कधी विचारलं नाही. देते हेच माहीत नव्हतं.
तांदूळ पुन्हा निवडायला घेतला. त्यात एक खडा नव्हता, तरी निवडत होती.

९ डिसें.
तरीही मनीऑर्डर केली. फॉर्मवर बाबूरावाचं नाव घातलं, खालच्या निरोपाच्या चिठोऱ्यात, खोली राखून ठेवावी, २२ जाने.ला पोचू. रजेचा अर्ज दिला. हेडमास्तर म्हणाले, "एवढ्या थंडीत? देवदर्शन काय?" व्हय म्हटलं. कुठला देव ते विचारलं नाही त्यांनी, बरं झालं.
स्टेशनवर पुण्याहून पुढच्या गाडीच्या आरक्षणासाठी तार करायला लावली. १८ ची. दोन माणसांची. सौ. येत नाही म्हणते, तरी दोन.

१५ डिसें.
स्वेटरचा प्रश्न. कोल्हापुरात थंडी म्हणजे कानाला मफलर. बाबूराव म्हणाला, भावाचा मिलिटरीतला कोट हाय, देतो. सौ.चं काय ते ती बोलतच नाही. जेवायला वाढते, हवं नको विचारते, झालं.

२२ डिसें.
मनीऑर्डर परत आली.
घेण्यास नकार. एवढंच, पोस्टाच्या शेऱ्यात. बाबूरावानं पैसे आणि फॉर्म हातात दिले आणि लगेच गेला. नेहमी तासभर बोलतो तो.
खोली आहे म्हणतात, पैसे पाठवा म्हणतात, आणि पाठवले की नको. का? मी केलं काय?
काय केलं ते मला माहीत आहे. पण हे तर बाबूराव माने नावाच्या गिऱ्हाइकाचे पैसे होते.
संपलं. पेपर तपासायला बसलो, एका पोरानं हिमालय दक्षिणेला दाखवलाय. त्याला पूर्ण मार्क दिले. मग खोडले.

२३ डिसें.
सौ.समोर फॉर्म ठेवला. म्हटलं, तुझंच बरोबर होतं. तिनं चष्मा लावून वाचला, उलटा केला, परत सुलटा.
"हे लिवलंय कुणी?"
"मी."
"आणि आधीचं पत्र?"
"तेही मीच. बाबूरावाच्या नावानं."
कपाळावर हात मारून घेतला. "अवो, पाटीवर तिचा हात धरून ग म भ न तुमी गिरवून घेतलासा. इंग्रजी पण तुमीच शिकवलासा. तिला तुमचं अक्षर कळंना व्हय? एवढी कशी हो तुमची अक्कल चरायला जाती!"
तिच्या तीन एलांवर रडलो, आणि माझं अख्खं पानभर अक्षर तिच्यासमोर पडलंय हे डोक्यात आलं नाही. पंचवीस वर्षं शाळेतल्या सूचना मीच लिहितो, का, तर माझं अक्षर लाखात ओळखू येतं.
म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून कळलेलं. सूट मागणारा कोण, मुलं आहेत का विचारणारा कोण. कळून तिनं दूध मिळेल लिहिलं. कळून पैसे मागितले. आणि बाप खरंच पैसे पाठवतोय हे बघून...
"मला नको म्हणतीय ती," मी म्हटलं.
"पैसं नको म्हटलीया. माणसं नको का काय, ते ह्या फारमावर लिवलेलं न्हाय," सौ. म्हणाली. तिलाही खात्री नव्हती. आवाजावरनं कळत होतं.

२७ डिसें.
अंतर्देशीय आणलं. स्वतःच्या नावानं लिहायचं, मराठीत. 'चि.' लिहिलं आणि हात थांबला. जिच्या नावानं अंघोळ केली तिला चिरंजीव कोणत्या तोंडानं लिहायचं? नुसतं सुलभा लिहावं तर नोटीस वाटते. सौभाग्यवती लिहावं तर ते सौभाग्य मी कधी मानलं? तीन अंतर्देशीय वाया. सौ. म्हणाली, "पोस्ट हापिस इकत घेनार काय? लिवा चि."
लिहिलं. पुढं चार ओळी. आम्ही दोघं १८ ला निघतो. २२ ला पोचू. मागची खोली चालेल. तुझी आई बरी आहे.
मी चुकलो, हे लिहायचं होतं. कागदावर जागाही होती. नाही लिहिलं. डिंक लावून बंद केलं तेव्हा ती कोरी जागा आत गेली.
दोघं लिहिलं तेव्हा सौ. शेजारी उभी होती. खोडा म्हणाली नाही.

८ जाने. १९८२
उत्तर नाही. पत्र जायला आठ दिवस, यायला आठ, असं धरलं तर अजून वेळ आहे. पण पोस्टमन बोळात शिरला की मी उठून दारात येतो. आज त्यानं शेजारी लाईटबिल टाकलं आणि गेला. सगळी पेठ मॅचला गेलेली, स्टेडियमवरचा ओरडा घरात येत होता. मी एकटा उंबऱ्यात. असा हताश मी नोकरी लागायच्या आधीही नव्हतो.

१२ जाने.
नाही.
बाबूराव कोट देऊन गेला. घालून बघितला, बाह्या हाताच्या खाली चार बोटं. सौ.नं टाके घातले. स्वतःसाठी तिनं दोन लुगडी एकावर एक नेसून बघितली, चालता येईना, सोडली. हसली थोडी. मला हसू आलं नाही.

१५ जाने.
नाही. आता यायचंही नाही.
वर्गात हिमनदी शिकवायची होती. 'फार हळू सरकते, पण वाटेत येईल ते भरडून नेते' असं दरवर्षी सांगतो. आज वाक्य अर्ध्यावर राहिलं. पोरांना म्हटलं, नकाशा काढा, आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

१७ जाने.
शेवटचं टपाल आलं. आमचं काही नाही. सौ.ला म्हटलं, तिकिटं रद्द करून येतो. उत्तर नाही म्हणजे नकोच आहे. कशाला त्या पोरीला तोंडावर सांगायला लावायचं?
ती वळकटीला दोरी आवळत होती. "उत्तर नसलं तर नसू दे. जायाचं."
"आणि दारातनं परत लावलं तर?"
"लावू दे की. लगीन करून ती नवऱ्याला घिऊन आलती, तवा दोन तास आपल्या दारात उभारली हुती. हातात पेढं. दाराला आतनं कडी तुमी घातलासा. मी मागं उभारलो हुतो, मला पण म्हटलासा, हलायचं न्हाय. आपण तिच्या दारात दोन तास तरी उभारून बघूया."
मी इतकी वर्षं पंधरा-वीस मिनिटं धरून चाललो होतो. घड्याळ तेव्हा माझ्या समोरच भिंतीवर होतं. दोन तास.
वळकटीचं दुसरं टोक धरलं. मागची खोली ठेवलीय की नाही, ठाऊक नाही. नसली तर त्या गावात दुसरीकडं कुठं उतरायचं, तेही ठरलेलं नाही.
बर्फात दोन तास उभं राहायचं तर पायांत काय घालावं, ते बाबूरावाला विचारून यायला पाहिजे. गाडी उद्या सकाळची.