चौथी रेघ

सोलापूर
बुधवार, दुपार

प्रिय पायल,

एखादी गोष्ट आपण खरंच विसरलो, की आपणच ती विसरू दिली, हे माणसाचं माणसाला कळत असेल का गं? दोन वर्षं मी हा प्रश्न घेऊन फिरतेय आणि मला त्याचं उत्तर येत नाही. शाळेत मूल्यशिक्षणाचा तास मीच घेते. सातवीच्या पोरी वाटेल ते विचारतात, तिथं कधी अडले नाही. इथं अडलेय. पण आधी रायफलचं सांगते, कारण रविवारी फोनवर तू तिचंच विचारलंस आणि मी नुसतं "बघते" म्हणून फोन ठेवला.

उन्हाळ्यात ती लांब काळी पेटी खांद्याला लावून तू आमच्या खोलीवर आलीस, तेव्हा आईनं विचारलं होतं, "एवढी मोठी सनई कुणाच्या लग्नाला गं?" तू पोट धरून हसलीस, खाली बसलीस, रायफलच्या पावतीच्या मागं माझं नाव लिहिलंस आणि म्हणालीस, "मला नवी आली की. ही आता तुझी." मी "कशाला गं" म्हणाले. चुलतबहिणीची झंपरं आत घेऊन घेऊनच मी मोठी झालेय, दिलेल्या वस्तूला नाक मुरडायची सवय मला नाही. तरी तू गेल्यावर वाटलं, हिला देणं किती सोपं आहे. माझ्याकडे आहे आणि हिच्याकडे नाही, असं जगात काय आहे? आमच्या अख्ख्या भावकीत पदवीचा पहिला कागद माझा. आईनं त्याला प्लॅस्टिकचं कव्हर शिवून तो भिंतीला लावलाय. पदवी तुझ्याकडेही आहे, आणि ती तू कुठं ठेवलीस हे तुला आठवतसुद्धा नाही.

नव्या रायफलचं पहिलं काम काय असतं, हे आपल्या नेमबाजीच्या हॉलमधलं शेंबडं पोरही सांगेल. ती आपल्या अंगाला लावून घ्यायची. गाल टेकायची पट्टी, म्हणजे चीकपीस, त्याच्या दांडीवरच्या मापाच्या रेघा बघत वरखाली करायचा, खांद्याला टेकणारी बट प्लेट आतबाहेर करायची, मुठीचं लाकूड आपल्या बोटांजोगं करून घ्यायचं. मी यातलं काहीच केलं नाही. पाच महिने चीकपीस तुझ्या चौथ्या रेघेवरच राहिला. माझी रेघ सातवी, हे मला माहीत होतं. क्लबच्या ज्या एका जुन्या रायफलवर आपण दोघी शिकलो, तिचीच ही बनावट, आणि दोघींचे आकडे वहीत माझ्याच अक्षरात आहेत. बट प्लेट तुझ्या लांब हातांसाठी बाहेर काढलेली, ती तशीच. मूठ तुझ्या बोटांजोगी घासलेली, तिच्यात माझी करंगळी लोंबकळायची. पण तू ज्या मापात उभी राहून सहाशे पंचवीस गुण मारलेस, त्या मापात मला शिरायचं होतं. एखाद दिवशी मान आखडली तर वाटायचं, आज जवळ पोचलो.

स्कोअर खाली आला. गुरुलिंग सर रागावले की कानडीत शिरतात, धाकट्या बहिणीला म्हणावं तसं "तंगी" म्हणतात, तुला माहीत आहे. ते म्हणाले, "तंगी, रायफल माणसाकडं आणायची असती. माणूस रायफलकडं वाकत नसतो." मी म्हणायचे, सवय होईल, सर. ते कपाळाला हात लावून दुसऱ्या पोरींकडे जायचे.

आता सांगायलाच बसलेय तर हेही सांगते. तुझ्या प्रत्येक स्पर्धेचा निकाल मी तुझ्या आधी बघते. शाळेच्या मधल्या सुट्टीत, मोबाईल डब्याच्या आड धरून. नाशिकला तू अकरावी आलीस, त्या दिवशी फोन करून मी तुला अर्धा तास धीर दिला. ते सगळं मनापासून होतं. पण फोन लावायच्या आधी मी स्टाफरूममध्ये एकटीच हसले होते, आणि तेही मनापासूनच होतं. निळं जॅकेट घातलेला तुझा फोटो मी मोठा करून बघते, कोपऱ्यात तुझी पाण्याची बाटली धरून उभे असलेले कोंडीबाकाका दिसेपर्यंत. केळीच्या बागेचं पाणी सोडून ते तुझ्यामागं गावोगाव येतात. तुझे वडील असे, आणि माझे, म्हणजे दादा, मेंढरांमागं असतात, आज या गावच्या रानात तर उद्या त्या गावच्या. त्यांना अजून वाटतं, मी पोलीसभरतीची तयारी करतेय. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाले, "चोर दिसला की पायावर मार बरं, वर नगं." मी "व्हय दादा" म्हणाले, आणि मग तुझा राग आला. तुझा काय संबंध? काही नाही. तरी आला.

तुझ्या मापात शिरायचं माझं हे खूळ मोडलं ते आईनं. मी संध्याकाळी खोलीत भिंतीवर काळा ठिपका चिकटवून नुसतीच नेम धरून उभी राहते. आई युनिफॉर्मच्या कारखान्यातून येते, चहा टाकते आणि बघत बसते. दिवसभर लोकांच्या पोरांच्या शर्टांना बाह्या लावणारी बाई, तिला अंगाला न बसलेलं लगेच दिसतं. तीन आठवड्यांपूर्वी ती म्हणाली, "दुसरीचं झंपर घालून उभी ऱ्हायलीस व्हय गं? ह्यो खांदा बघ कुटं चाललाय." मी म्हणाले, आई, ही रायफल आहे. ती म्हणाली, "असू दे की. अंगाला लागतंय न्हवं? मग मापच हाय." तिनं पिशवीतनं निळा खडू काढला, चीकपीसवर चोळला आणि मला म्हणाली, डोळं मिट, गाल टेकव, आता उघड. माझ्या गालावर खडू उठला तो पार जबड्याच्या कडेला, आणि डोळा साइटच्या खालीच राहिलेला. चीकपीस एक रेघ वर. पुन्हा खडू. असं करत करत गालाच्या हाडाखाली निळा पट्टा बरोबर बसला, तेव्हा मी रेघ पाहिली. सातवी. खडूनं मला माझं जुनंच माप दाखवलं. मग तिनं टेपनं कोपरापासून बोटापर्यंतचं अंतर घेतलं आणि बट प्लेट दोन बोटं आत घ्यायला लावली. मुठीत जिथं फट राहत होती तिथं एम-सील भरायचं ठरलं, तर म्हणाली, आधी खाली सेलोटेप लाव. का? "उसवता आलं पायजे. म्या माया ठिवल्याबिगर कुटलीच शिवण मारत न्हाय." माया म्हणजे शिवणीत जादा कापड सोडतात ना, ते. मी ओल्या एम-सीलवर मूठ आवळून धरली, वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासलं, आणि माझी पाची बोटं तिथं कायमची उमटली.

दुसऱ्या दिवशी हॉलवर गेले. पायल, मी डोळे मिटून रायफल खांद्याला लावली, उघडले, आणि ठिपका साइटच्या मधोमध होता. मला कुठं जावंच लागलं नाही. त्या आठवड्यात मी साठ गोळ्यांत जो स्कोअर मारला, तो फळ्यावर तुझ्या नावापुढं असलेल्या आकड्यापेक्षा एक पूर्णांक दोननं जास्त आहे. सर फळा पुसायला निघाले, तर मी म्हणाले, राहू द्या, राज्य स्पर्धेतच लिहू. मी तुला हे कळवलं नाही. पुण्यात तू माझ्या शेजारच्या लेनमध्ये उभी असशील आणि तुला तिथंच कळेल, असं मी रोज झोपताना बघत होते.

आणि रविवारी तुझा फोन. नव्या रायफलचा ट्रिगर अडकतोय, ती दुरुस्तीला दिल्लीला गेलीय, शनिवारच्या स्पर्धेपर्यंत येत नाही. "जुनी पाठवशील का गं? तुला क्लबची आहेच. माझे आकडे वहीत असतील, तेवढे लावून दे, मग मला काही बघावंच लागायचं नाही. नसेल जमत तर नको, खरंच." आपल्या दोघींची वेळ एकच आहे, म्हणजे एकीचं झाल्यावर दुसरीला द्यायचीही सोय नाही. मी दोन दिवस तुझ्यावर जळत होते. पहिल्यांदा माझ्या अंगाला काहीतरी बसलंय आणि तेच हिला हवं. नाही म्हणायलाही तूच मोकळीक दिलेली. पण सगळ्यात जास्त टोचलं ते एकच वाक्य, मला काही बघावंच लागायचं नाही.

आपल्या क्लबचा नियम आठव. रायफल एक आणि पोरी दोन, म्हणून सरांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं, जिचं झालं तिनं पुढचीचं माप लावून मगच बाजूला व्हायचं. विद्यापीठाच्या संघाच्या निवडीच्या दिवशी पहिल्या फेरीत मी होते, दुसऱ्या फेरीत तू. माझं नेमकं बरं झालं होतं, कान गरम झाले होते, मी बाजूला झाले. तू आलीस, न बघता रायफल उचललीस, कारण तू कधीच बघायची नाहीस. तुझे पहिले दहा नेम मी मागच्या बाकावर बसून पाहिले. तू मान हलवत होतीस, पुन्हा पुन्हा गाल उचलून टेकवत होतीस. मी उठून आले नाही. शेवटी माझं नाव यादीत आलं आणि तुझं थोडक्यात राहिलं. तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "काय झालं कुणास ठाऊक गं, आज माझं मनच लागंना." रायफल पेटीत ठेवायचं काम माझ्याकडे होतं. चीकपीस सातव्या रेघेवर होता.

मी रेघ बदलायला विसरले की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. देवाशप्पथ नाही. पण पेटी बंद करायच्या आधी मी इकडंतिकडं पाहिलं आणि चीकपीस गुपचूप चौथ्या रेघेवर आणला, हे मला पक्कं आठवतं. ते विसरणं नव्हतं. कोंडीबाकाकांनी तुला जीपमध्ये रडताना पाहिलं, आणि त्या दिवाळीत तुला स्वतःची रायफल आली. तिथून तू पुढं गेलीस आणि मी विद्यापीठाचा ट्रॅकसूट घालून इथंच राहिले. म्हणजे ज्या रायफलवर मी दोन वर्षं जळले, ती मीच तुला आणून दिली होती, आणि तूच ती मला परत आणून दिलीस.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू "जाऊ दे गं" म्हणाली असतीस आणि मी जाऊ दिलं असतं. म्हणून लिहितेय. सरांना काल सांगितलं. नियम त्यांचा होता, म्हणून आधी त्यांना. ते म्हणाले, "ट्रॅकसूट आणून दे." आज सकाळी दिला. काल एक क्षण, खोटं कशाला सांगू, असंही मनात आलं की सातवर ठेवूनच पाठवावी. तू बघणार नाहीस. मी विसरले म्हणता येईल. त्या क्षणी मला पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडंसं दिसलं आणि मी घाबरले. माफी मागायला मला तोंड नाही आणि मला ती पटकन नकोही आहे. माझा मत्सर गेलेला नाही. क्लबच्या रायफलनं का होईना, शनिवारी मला तुला हरवायचंच आहे. पण तुझ्या मापात उभ्या राहिलेल्या तुला. स्पर्धा झाली की रायफल परत पाठव. पावतीवर माझं नाव आहे. मुठीवरचं एम-सील अख्खंच्या अख्खं सुटून आलं. माझी बोटं उमटलेला तो तुकडा आईनं खडूच्या डब्यात ठेवलाय. रायफल उद्या पहाटे सरांबरोबर तुझ्याकडे निघेल. पत्र पेटीत वरच ठेवतेय, म्हणजे रायफलच्या आधी हे तुझ्या हाताला लागेल. बट प्लेट तुझ्या खुणेवर बाहेर काढलीय. चीकपीस चौथ्या रेघेवर लावलाय. लावून दोनदा पाहिला, आणि तिसऱ्यांदा आईला बघायला लावला.

तुझीच,
सुकन्या